गोळी गुडघ्याची, दुखणे पोटाचे

आमच्या इंदूरच्या घरी फडताळात एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरातील सर्वांची औषधे त्यात गुण्यागोविंदाने नांदतात. गेल्या पावसाळ्यात आत्याबाईंचे गुडघे धरले, तेव्हा याच डब्यातील आयबुप्रोफेनच्या गोळ्या त्यांनी कोणास न विचारता तीन आठवडे घेतल्या. गुडघ्यांस आराम पडला. पण एके सकाळी शौचास डांबरासारखे काळे झाले आणि त्या भोवळ येऊन ओसरीवरच बसल्या. जठरातील व्रणातून रक्त जात होते. चार दिवस इस्पितळात काढून परतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हा : "गोळी गुडघ्याची, मग ती पोटात का शिरली?"

गोळीला गुडघा ठाऊक नसतो, हे त्याचे उत्तर. ती रक्तात मिसळते आणि रक्त जाईल तेथे जाते. शरीरास इजा झाली की पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करतात; त्यांमुळे सूज येते, वेदना वाढते. ॲस्पिरिन १८९९ पासून विकले जात होते, परंतु ते ही द्रव्ये तयारच होऊ देत नाही, हा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ साली केला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेनचा मार्गही तोच. मात्र हीच द्रव्ये जठराच्या अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. दुखणे शमवताना हा पहाराही उठतो. म्हणून 'जेवून घेतली की झाले' हा आपल्याकडील समज अपुरा आहे. जेवणाने जळजळ कमी होईल. पण रक्तातून अस्तरापर्यंत पोहोचणारे औषध त्याने अडत नाही.

पॅरासिटामॉल पोटाच्या वाटेस सहसा जात नाही. त्याचा धोका यकृतास. त्याचा थोडा अंश यकृतात विषारी बनतो. एरवी यकृत तो निभावून नेते, मात्रा फार झाली की त्याचा साठा संपतो. निरोगी प्रौढास दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा. यकृत अशक्त असल्यास त्याहूनही कमी. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, हे मात्र वेष्टन वाचल्यावाचून कळत नाही. आणि ती अक्षरे वाचायला भिंगच हवे!

आत्याबाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मागाहून उघड झाली. हृदयासाठी त्या कित्येक वर्षे रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेत होत्या. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या बिंबिकांना ते लुळे करते, आणि त्या बिंबिकेच्या उरल्या आयुष्यात, म्हणजे सात ते दहा दिवसांत, तो परिणाम पुसला जात नाही. हृदयविकारात हाच गुण. व्रणातून रक्त वाहू लागले की तोच दोष. त्यात आयबुप्रोफेनची भर पडली होती. "दुसरे काही औषध चालू आहे का?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आत्याबाईंनी ठामपणे "नाही" सांगितले होते. आम्ही नंतर छेडले, तर म्हणाल्या, "ते कसले औषध? ती तर माझी रोजची गोळी!"