शत्रूच्या तोफेचा तारा

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने दक्षिणेच्या तोफा काबीज केल्या. पुढे त्यातल्या काही भट्टीत गेल्या आणि त्यांच्या ब्राँझमधून छातीवर लावायचे पाच टोकांचे तारे निघाले. ज्या धातूने कधीकाळी गोळे फेकले, तोच म्हातारपणी कोटावर मिरवायचा! ही कल्पना ज्याला सुचली, त्याला दाद द्यायला हवी.

हा बिल्ला 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक'चा, म्हणजे उत्तरेकडून लढलेल्या माजी सैनिकांच्या बंधुसंघाचा. संघाची पहिली शाखा १८६६ मध्ये इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावी निघाली. ब्रीद तीन शब्दांचे: बंधुत्व, परोपकार, निष्ठा. ताऱ्याच्या मधोमध हे तिन्ही शब्द माणसांच्या रूपात उभे आहेत. स्वातंत्र्यदेवता म्हणजे निष्ठा. तिच्यासमोर हातात हात घेतलेले सैनिक आणि खलाशी म्हणजे बंधुत्व. गुडघे टेकून बसलेली दोन मुले म्हणजे परोपकार, कारण युद्धात पोरक्या झालेल्या लेकरांचा सांभाळ हे संघाने आपले काम मानले होते. शेजारी कुऱ्हाडीभोवती बांधलेली काठ्यांची जुडी आहे. चिन्ह रोमन आहे, पण म्हातारा, त्याची भांडकुदळ मुले आणि न मोडणारी मोळी ही गोष्ट ऐकून वाढलेल्या आपल्याला त्यातला एकीचा अर्थ कुणी सांगायला नको. फुटू पाहणाऱ्या देशाला याहून नेमके चिन्ह कुठले मिळणार?

ताऱ्याच्या टोकांवर सैन्याच्या शाखा आहेत: पायदळाचे बिगुल, घोडदळाच्या तलवारी, तोफखान्याच्या तोफा, मरीन सैनिकांच्या बंदुका, खलाशांचा नांगर. खाली १८६१ आणि १८६६ ही साले. दक्षिणेचा सेनापती ली शरण आला तो १८६५ मध्ये. मग १८६६ कसे? युद्ध संपल्याची राष्ट्राध्यक्षांची शेवटची घोषणा ऑगस्ट १८६६ मध्ये झाली म्हणून.

माझ्या मते खरी गंमत मागच्या बाजूला आहे. तिथे वेगवेगळ्या कोअरची, म्हणजे सैन्यातल्या मोठ्या तुकड्यांची चिन्हे गोलाकार मांडली आहेत: तीन दलांचे पान, चंद्रकोर, ओकचे फळ. रणधुमाळीत आपला माणूस ओळखू यावा म्हणून सैनिक हे रंगीत कापडी तुकडे टोपीवर शिवत. जीव वाचवणारी ती खूण इथे आठवण म्हणून धातूत उतरली.

सभासदत्वाची अट कडक: स्वतः सेवा केलेली हवी. सभासदांच्या मुलांनी १८८१ मध्ये वेगळी संघटना काढली. वडिलांच्या संघात त्यांना जागा नव्हती. १८९० च्या सुमारास चार लाखांवर सभासद असलेला हा संघ १९५६ मध्ये अल्बर्ट वूलसन हा अखेरचा सभासद वारल्यावर ठरल्याप्रमाणे मिटला.

या बिल्ल्याने सरकारचीही पंचाईत केली. त्याची ठेवण 'मेडल ऑफ ऑनर' या सर्वोच्च शौर्यपदकासारखी, इतकी की लांबून फरकच कळेना. नुसते सभासद आणि रणवीर यांची गल्लत होऊ लागली. सैन्याने १८९६ मध्ये आपल्या पदकाची फीत बदलली. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा १९०४ मध्ये अख्खे पदकच नव्याने घडवले. बंधुसंघाचा तारा मात्र होता तसाच राहिला.