रेनॉल्ड्स ५३१: जुन्या रोड सायकलची फ्रेम पुन्हा वापरात आणताना

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये आणलेल्या '५३१' या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांवर पुढची कित्येक दशके रेसिंग सायकली घडल्या. 'बटेड' प्रकारात नळीची भिंत टोकांना जाड, मध्ये पातळ असते. सांधे लगमध्ये बसवून झाळलेले असल्याने एखादी खराब नळीही बदलता येते. अशी फ्रेम भंगारात जाणे खरोखर वाईट.

आधी तपासणी. डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला, हेड ट्यूबजवळ, बोटाला सुरकुती लागली तर सायकल समोरून धडकलेली असण्याची दाट शक्यता असते.

सर्वांत चिवट अडचण अडकलेल्या सीटपोस्टची. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यात ओलाव्याने गंज धरतो आणि दोन्ही जखडतात. तिथे जोर लावण्यापेक्षा झिरपणारे तेल सोडून काही दिवस वाट पाहणे शहाणपणाचे. बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप ब्रिटिश फ्रेमवर उलट्या आट्यांचा, इटालियन फ्रेमवर सरळ आट्यांचा असतो. हे न पाहता पाना फिरवला की आटे गेलेच.

मागच्या हबसाठी जुन्या फ्रेममध्ये बहुधा १२० किंवा १२६ मिमी जागा असते, तर नंतरच्या रिम-ब्रेक रोड हबला १३० लागते. १२६ ची पोलादी फ्रेम दोन्ही बाजूंना २-२ मिमी वाकवून ड्रॉपआउट पुन्हा समांतर करता येतात. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनवर हा प्रयोग करू नये.

मूळ रंग आणि अक्षरे शाबूत असतील तर ती राखावीत. नवा रंग द्यायचाच तर स्प्रेचा पातळ थर बरा. जाड पावडर कोटिंगमध्ये लगच्या सुरेख कडा बुजतात. जोडणीपूर्वी नळ्यांच्या आतून गंजरोधक तेल फिरवावे आणि सीटपोस्टला ग्रीस लावावे.