कडेवरचं पुणे

पहाटे सहाच्या सुमारास आमच्या सोसायटीत पहिला टँकर येतो. रखवालदार वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहितो, चालक जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतो आणि दहा हजार लिटर पाणी धो धो उतरू लागतं. तिसऱ्या मजल्यावर झोपेतही तो आवाज मला ओळखू येतो. टँकर चुकला की मोबाइलवर निरोप फिरतो : बादल्या भरून ठेवा. ही वाघोली. पुणे स्टेशनपासून नगर रोडने पंधराएक किलोमीटर.

केंद्र सरकारने राहण्यायोग्य शहरांची यादी केली, तेव्हा २०१८ मध्ये पुणे देशात पहिलं आलं होतं. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी लागली, त्यात मोठ्या शहरांमध्ये बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं. या दोन्ही वेळी वाघोली पुण्यात नव्हतीच. महापालिकेत वाघोलीसह तेवीस गावं आली ती ३० जून २०२१ रोजी. पण त्याआधीच इथे इमारती उठल्या होत्या, घरं विकली गेली होती, शेजारच्या खराडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी माणसं राहायला आली होती. पुण्याची बरीचशी वाढ सामावत होती वाघोली, आणि पुण्याचं मोजमाप चाललं होतं वाघोलीला वगळून.

म्हणून शहरांची तुलना निघाली की मी पेठा, नाट्यगृहं, बागा बाजूला ठेवते. नव्याने आलेल्या माणसाला जिथे घर परवडतं, तिथे पाणी आणि गाडी आधी पोचते की माणूस, एवढंच बघते.

मुंबईचं उदाहरण घ्या. विरारहून बॅकबेला पहिली लोकल धावली १२ एप्रिल १८६७ रोजी. विरारचं शहर झालं त्यानंतर कितीतरी वर्षांनी. माझी मावसबहीण तिथे राहते. चर्चगेट साठ किलोमीटर, गर्दी जीवघेणी, त्या गर्दीत माणसं खरोखर मरतात. तो प्रवास मी कुणाच्याही वाट्याला मागणार नाही. पण ती घरातून निघताना कितीला पोचणार ते सांगू शकते. मला खराडीचंही सांगता येत नाही. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक पाहणीत पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं, दहा किलोमीटरला सरासरी तेहेतीस मिनिटं. बंगळुरूची गतही आमच्यासारखीच : व्हाइटफील्डला आयटी पार्क आलं नव्वदच्या दशकात, मेट्रो आली मार्च २०२३ मध्ये.

जगभरच्या याद्यांत वर्षानुवर्षं पहिलं येत असलेल्या व्हिएन्नाने काय केलं? शहराच्या पूर्व टोकाला, जुन्या विमानतळाच्या जागेवर त्यांनी झेश्टाट नावाची नवी वसाहत वसवली. तिथे मेट्रो पोचली ऑक्टोबर २०१३ मध्ये, पहिले रहिवासी आले २०१४ मध्ये. आधी गाडी माळरानात गेली, मग माणसं गेली. आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी तर त्या शहरात १८७३ पासून नळाने येतं. पैसा त्यांच्याकडे जास्त आहे हे खरं, पण क्रम ठरवायला पैसा लागत नाही. पुण्याचं धरण खडकवासल्याचं, पश्चिमेला. आम्ही पूर्वेच्या टोकाला. हे अंतर इमारतींना परवानग्या देतानाही तेवढंच होतं.

आणि या कडेवर फक्त फ्लॅटवाले नाहीत. पुण्यातल्या कितीतरी इमारतींची खडी वाघोलीच्या खाणींतून गेली. खाणमजुरांच्या मुलांसाठी इथे ‘संतुलन’ संस्थेची पाषाण शाळा उभी राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. तिघे गेले, त्यातली दोन तान्ही मुलं. कामाच्या शोधात अमरावतीकडून आलेलं कुटुंब होतं ते. कुठल्याही यादीत पदपथावर झोपणाऱ्यासाठी रकाना असायला हवा, असं तेव्हापासून मला वाटत आलं आहे.

तरी हे गाव माणसाला टाकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागातल्या मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यात आणलं आणि वाघोलीच्या संकुलात शिकवून मोठं केलं.

पुणे बघायला आलेले पाहुणे आगाखान पॅलेसपर्यंत येतात आणि पुढे थेट रांजणगावच्या गणपतीला जातात. मध्ये वाघोलीला उतरावं असं कुणी त्यांना सांगत नाही. इथे वाघेश्वराचं देऊळ आहे, शाहू महाराजांच्या काळातले मातब्बर सरदार पिलाजीराव जाधवराव यांची समाधी आहे. भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावरचं तुळापूरही इथून जवळ.

रामवाडीपर्यंत मेट्रो मार्च २०२४ मध्ये आली. तिथून वाघोलीत विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ जून २०२५ रोजी मंजुरी दिली. भाऊबीजेला मावसबहीण यायची आहे. काल तिचा फोन आला : ‘‘ताई, पुणे स्टेशनहून किती वेळ धरू गं?’’ रामवाडीपर्यंतचा मी सांगितला. पुढचा सांगता आला नाही.