हर्क्युलस सायकलवर, पोसायडन कोल्हापुरात

रत्नागिरीतल्या सहावी-सातवीच्या मुलांना ग्रीक पुराणकथा शिकवायच्या म्हटलं की पहिली शंका हीच, की इतक्या लांबच्या गोष्टी इथे रुजायच्या कशा? पण त्या कधीच्याच इथे येऊन बसल्या आहेत. सायकलच्या दुकानात आहेत, सड्यावरच्या आभाळात आहेत, आंबा घाट चढून गेलं की वस्तुसंग्रहालयातही आहेत. इतिहासाच्या पुस्तकात सिकंदर येतो, झेलमकाठी पोरसाशी लढतो आणि माघारी जातो. त्याची माणसं कोणत्या गोष्टी ऐकत मोठी झाली, हे मात्र मुलांना कळत नाही. ते कळावं म्हणून वर्गात आणि वर्गाबाहेर करता येण्याजोगे हे काही उद्योग.

पहिला तास बाजारात

वही-पेन्सिल घेऊन राम आळीतून एक फेरी मारायची आणि ग्रीक देव हुडकायचे. टायरच्या पाटीवर अपोलो सापडतो, संगीताचा आणि भविष्यवाणीचा देव. बुटांवर नाइकी भेटते, विजयाची पंखवाली देवी. खरी गंमत सायकलवाल्याकडे. तिथे अ‍ॅटलस आणि हर्क्युलस अजूनही शेजारी शेजारी उभे दिसतात. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, पण जुन्या सायकली गावोगाव आहेत.

पुराणातही या दोघांची गाठ पडते. अ‍ॅटलसच्या खांद्यावर आभाळ, आणि हर्क्युलसला हवी असतात सोन्याची सफरचंदं. अ‍ॅटलस म्हणतो, तू जरा आभाळ धर, मी आणून देतो. आणतोही. पण मोकळं झाल्यावर पुन्हा ओझं घ्यायची त्याची तयारी नसते. हर्क्युलस लगेच कबूल होतो, फक्त म्हणतो, "डोक्यावर चुंबळ ठेवतो, तेवढं क्षणभर धर." अ‍ॅटलस धरतो आणि हर्क्युलस सफरचंदं उचलून चालू लागतो. चुंबळ मी माझ्या पदरची घातलेली नाही. जुन्या ग्रीक कथासंग्रहात खरोखरच डोक्यावर ठेवायच्या गादीचा उल्लेख आहे. दोन मुलं, एक गाठोडं आणि एक चुंबळ एवढ्या सामानात ही गोष्ट वर्गात उभी राहते.

एकच आभाळ, दोन गोष्टी

नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री, चंद्र नसताना, मुलांना एखाद्या सड्यावर न्यावं. उत्तरेकडे पाच ताऱ्यांचा एम दिसतो. ग्रीकांसाठी ती कॅसिओपिया राणी, आपल्यासाठी शर्मिष्ठा. शेजारी तिचा नवरा सेफियस. मराठीत तोच वृषपर्वा, शर्मिष्ठेचा बाप. पलीकडे अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, आणि पर्सियस म्हणजे ययाति.

आता वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने ग्रीक गोष्ट सांगायची. राणीने आपल्या घरच्या रूपाची फुशारकी मारली, समुद्रकन्या दुखावल्या, समुद्रदेव पोसायडनने सागरी राक्षस धाडला, लेकीला खडकाला बांधावं लागलं आणि पर्सियसने येऊन तिला सोडवलं. दुसऱ्या गटाने महाभारतातली सांगायची. पाण्यावर गेलेल्या दोन मैत्रिणी कपड्यांच्या अदलाबदलीवरून भांडल्या, राजकन्येच्या तोऱ्यात शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं, आणि शिकारीला निघालेल्या ययातीने हात देऊन तिला वर काढलं. गर्व त्याच ताऱ्यांना आला, संकटात सापडली तीच मुलगी आणि धावून आला तोच वीर! मुलांनी कागदावर ताऱ्यांची टिंबं मांडावीत आणि त्यांवर एकदा खडक काढावा, एकदा विहीर. मोठ्या वर्गातली मुलं असतील तर वि. स. खांडेकरांचं नाव इथे आवर्जून घ्यावं. ज्ञानपीठ मिळवणारी 'ययाति' लिहिणारे खांडेकर तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिरोड्याला शाळामास्तर होते.

आणखी एक, फक्त आपल्याकडच्या मुलांना सांगता येईल असं. पोसायडनने कॅसिओपियाला शिक्षा दिली, की सिंहासनाला बांधून ध्रुवाभोवती फिरत राहायचं, अर्धा वेळ डोकं खाली. आज अथेन्समधून बघितलं तर ती मावळतच नाही, उलटी लटकलेलीही दिसते. रत्नागिरी सुमारे १७ अक्षांशावर असल्याने इथे ध्रुवतारा खाली असतो, आणि राणी उलटी व्हायच्या आत क्षितिजाखाली जाते. म्हणजे कोकणातून ती शिक्षा दिसतच नाही. भूगोलाचा अक्षांश इतक्या चांगल्या रीतीने शिकवणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही.

पर्सियसच्या हातात मेड्यूसाचं मुंडकं आहे. त्या जागचा अल्गोल तारा दर २ दिवस २१ तासांच्या आसपास काही तास मंद होतो, कारण तिथे दोन तारे एकमेकांना झाकतात. मेड्यूसा डोळा मिचकावते म्हणा आणि मुलांना नोंदवही द्या. देवयानीच्या बाजूला अंधाऱ्या रात्री एक फिकट ठिपका दिसला, तर तो सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा आहे.

टिळक आळीतला ओरायन

मृगनक्षत्र म्हणजे ग्रीकांचा शिकारी ओरायन. गंमत अशी की आपल्याकडे तेच तारे शिकार झालेले! हरणाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे लखलखणारा व्याध. ग्रीकांनी त्या व्याधाला ओरायनचा कुत्रा केलं. हे तारे शेजारी शेजारी ठेवून बघणारा एक माणूस रत्नागिरीतच जन्मला, १८५६ मध्ये. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये छापलेल्या ग्रंथाचं नावच 'ओरायन'. वसंतसंपात मृगात होता तेव्हाच्या खुणा वेदांत आहेत, म्हणून वेद इसवीसनापूर्वी ४०००च्या आसपासचे, असं त्यांनी मांडलं आणि त्यासाठी ग्रीक कथांचाही आधार घेतला. हा कालनिर्णय सगळ्यांना पटला नाही. पण टिळकांचं जन्मस्थान बघायला जाणाऱ्या प्रत्येक सहलीत ओरायनची गोष्ट सांगायलाच हवी.

त्या गोष्टीत ओरायनला विंचू मारतो, म्हणून दोघं आभाळात कधी समोरासमोर येत नाहीत. मे महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी पश्चिमेला मृग बुडत असतो, तेव्हा पूर्वेकडून वृश्चिक वर येत असतो. सुट्टीत अंगणात बसून बघण्यासारखं आहे. मग ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, शेतकरी पावसाची वाट बघतात, आणि आभाळात मृग शोधणाऱ्याला तो सापडत नाही, कारण सूर्यच त्याच्यात जाऊन बसलेला असतो.

या सगळ्यासाठी मार्गदर्शकही जिल्ह्यातलाच घ्यावा. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, पेशाने शिक्षक. त्यांच्या 'ज्योतिर्विलास' या पुस्तकाचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असं आहे. शिक्षकाने आकाशदर्शनाला याहून चांगलं नाव द्यायचं तरी काय?

समुद्राचा देव घाटावर

कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडी आहे. तिथे १९४०च्या दशकात जमिनीतून काशाच्या जुन्या वस्तू निघाल्या. त्यांत पोसायडनची एक छोटी मूर्ती होती, एक हात उंच उचललेली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. रोमन काळातल्या व्यापाराबरोबर ती इकडे आली.

मुलांना फक्त एवढंच विचारायचं: समुद्राचा देव घाट चढला कसा? नकाशा द्यावा, लोकरीचा धागा द्यावा आणि मार्ग काढू द्यावा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेली प्रवासपोथी मदतीला घ्यावी, 'पेरिप्लस' नावाची. तिच्यात सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं सापडतात. त्यांच्या दक्षिणेला मंदगोरा, पालेपटमाई, मेलिझिगारा अशी नावं येतात, आणि ती नेमकी कुठली यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. बाणकोट? दाभोळ? जयगड की राजापूर? ज्या वादात पंडित अजून अडकलेत त्यात सातवीच्या पोरांनाही उतरता येतं, आणि खाडीच्या तोंडाशी होडी कधी लागते हे इथली काही पोरं पंडितांपेक्षा जास्त जाणतात.

एक निवडणूकही घेता येईल. अथेन्सचं पालकत्व कोणाकडे, यावर पोसायडन आणि अथीना यांची पैज लागली होती. त्याने त्रिशूळ मारून खडकातून खारं पाणी काढलं, तिने ऑलिव्हचं झाड दिलं. झाड जिंकलं. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला ही गोष्ट ज्यांनी चिपळूणजवळच्या देवळात ऐकली आहे, त्यांनी मत कोणाला द्यावं? आणि ऑलिव्हच्या जागी माड उभा केला तर?

चिऱ्यांचा चक्रव्यूह

क्रीट बेटावर राजा मायनॉसने चक्रव्यूह बांधवून त्यात मिनोटॉर नावाचा बैलतोंड्या ठेवला. त्याच नक्षीचं चित्र क्रीटच्या जुन्या नाण्यांवर आहे, आणि कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यूच्या चक्रव्यूहालाही त्याच धाटणीचे वेढे आहेत.

काढायला सोपं आहे. पटांगणात आधी अधिकचं मोठं चिन्ह काढावं. त्याच्या चार खणांत चार काटकोन, कोपरा आतल्या बाजूला. मग चार कोपऱ्यांत चार टिंबं. आता अधिकच्या वरच्या टोकापासून उजवीकडच्या शेजारच्या टोकापर्यंत एक कमान टाकावी. पुढे डावीकडचं मोकळं टोक उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला जोडायचं, आधीच्या कमानीला वळसा घालून. आठ कमानी झाल्या की आत सात वेढे तयार. रेघांवर जांभ्या चिऱ्याचे तुकडे मांडावेत आणि मुलांना एकेक करून आत सोडावं. सड्यावर कातळशिल्पं असतील तिथे मात्र हा खेळ करू नये. ती बघायची, त्यांवर पाऊल किंवा खडू पडू द्यायचा नाही.

चालल्यावर मुलांच्या आपोआप लक्षात येतं, की यात रस्ता चुकायला जागाच नाही! एकच वाट, आत नेते आणि बाहेर आणते. मग मिनोटॉरला मारायला आत गेलेल्या थीसियसला परत येण्यासाठी अरिअ‍ॅड्नीचा दोरा लागला कशाला? नाण्यावरचं चित्र आणि गोष्ट जुळत नाहीत, आणि हे शोधल्याचा मुलांचा आनंद बघण्यासारखा असतो.

पंख जळाले, पण कोणाचे?

इकारस मेणाचे पंख लावून उडाला, बापाचं न ऐकता सूर्याजवळ गेला आणि समुद्रात पडला. रामायणात संपाती आणि जटायू हे भाऊ असेच सूर्याकडे झेपावले. जटायू होरपळू लागला तेव्हा थोरल्या संपातीने त्याच्यावर पंख पसरले आणि स्वतःचे जाळून घेतले.

इथे एक कळकळीची विनंती. "म्हणजे आपल्याकडेही होतंच की!" असं म्हणून तास संपवू नये. साम्य सापडल्यावर काम सुरू होतं. डेडलस बाप असून हतबल, संपाती भाऊ असून ढाल झाला. इकारस मेला, संपाती जगला, आणि सीता लंकेत आहे हे वानरांना त्यानेच सांगितलं. मुलांना डेडलसच्या नावाने संपातीला पत्र लिहायला सांगावं. व्याकरणाच्या चुका त्या दिवशी काढू नयेत.

डाळिंबाचे दाणे किती?

पाताळात नेलेल्या पर्सेफनीने डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले, म्हणून सहा महिने तिकडे, असं आजकालच्या पुस्तकांत असतं. होमरच्या नावावरच्या जुन्या स्तोत्रात दाणा एकच, आणि मुक्काम वर्षाचा तिसरा हिस्सा. रोमन कवी ऑव्हिडकडे दाणे सात. घरी आजीला विचारावं, पर्सेफनीसारखी आपली गौरीही माहेरी का येते? प्रत्येक घरची गोष्ट थोडी वेगळी निघेल. त्या फळ्यावर मांडाव्यात.

शेवटी नमन

ग्रीक नाटक डायोनिससच्या उत्सवात वाढलं. मुखवटे, गाणारा समूह, बायकांची कामंही पुरुषांकडे. शिमग्यात खेळे बघितलेल्या मुलाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पु. ल. देशपांडे यांनी रत्नागिरीचा अंतू बर्वा लिहिला आणि सोफोक्लीसवरून 'राजा ओयदिपौस'ही लिहिलं. तेव्हा नमनात एक ग्रीक वग बसवायला हरकत कसली? गण आपला, मृदंग आपला, वग हर्क्युलसचा.

विषय तयारच आहे. हर्क्युलसला कामं दहाच दिली होती, ती बारा झाली कारण राजा युरिस्थियसने दोन बाद केली. हायड्राला मारताना पुतण्याची मदत घेतली म्हणून एक, आणि नदी वळवून गोठे धुतले पण त्याची मजुरी मागितली म्हणून दुसरं. हे बरोबर की चूक? प्रकल्पवहीत बाबांनी चित्र काढून दिलं तर गुण कापावेत का? पोरं अशी भांडतील की बाईंना घंटा वाजवावी लागेल. संकासूर कोणाच्या बाजूने बोलणार ते मुलांनीच ठरवावं. रंगमंचावर एक रिकामं पिंप मात्र हवंच, कारण हर्क्युलस जिवंत रानडुक्कर खांद्यावर घेऊन दरबारात आला तेव्हा राजा घाबरून काशाच्या रांजणात जाऊन लपला होता.