माग थांबतो, घर थांबत नाही

यंत्रमागावर आडवं सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. काट्याला धागा लागला नाही की दांडी सुटते आणि माग जागच्या जागी उभा राहतो. कारागीर तेव्हा चहाला गेलेला असला तरी कापड फार बिघडत नाही. ही सोय लोकांनी वाढवत नेली. जपानच्या साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा माग तर कांडी संपायच्या आत धोटाही स्वतःच बदलायचा. त्याच घराण्यातून पुढे टोयोटा मोटारींचा कारखाना निघाला.

सोलापूरच्या पूर्व भागात मी जॉबरकी केली. विणणारा वेगळा असतो, माग चालता ठेवणं हे जॉबरचं काम. तेलपाणी, नट आवळणं, झिजलेला चामडी पट्टा वेळेत बदलणं यात उमर गेली. आता डोळे पूर्वीसारखे नाहीत, म्हणून कारखान्यात जात नाही. पण हात गप्प बसत नाहीत, त्यामुळे बोळातल्या घरांच्या किरकोळ दुरुस्त्या बघतो. एक गोष्ट रोज दिसते. घराला तो काटा नाही. नळ गळत असतो, स्लॅबमध्ये पाणी मुरत असतं, वायर आतल्या आत तापत असते, आणि घर तसंच चालू राहतं. ते थांबतं तेव्हा खर्च हजारांत गेलेला असतो.

अशा लपून वाढणाऱ्या बिघाडावरही जपानी लोकांनी कारखान्यात उपाय काढला. टोयोटाच्याच गोतावळ्यातल्या निप्पॉनडेन्सो कंपनीने १९७०च्या सुमारास असा शिरस्ता पाडला की मशीन चालवणारा कामगारच ते रोज पुसणार, तेल देणार, ढिला नट आवळणार. फिटर बोलवायचा तो मोठ्या कामाला. जो रोज पुसतो त्यालाच पहिली चीर दिसते, हे त्यामागचं गणित. घर रोज कोण पुसतं? बहुतेक बायकाच. म्हणून माझं ऐकणाऱ्यांत पुरुष कमी आणि अक्का-मावश्या जास्त आहेत.

सोलापुरात घराची खरी परीक्षा पाणी घेतं. उजनीतून पाणी येतं, भीमेवरच्या टाकळीतून येतं, हिप्परग्याच्या तलावातून येतं, तरी नळाला ते चार-पाच दिवसांआडच येतं. त्यामुळे प्रत्येक घर म्हणजे एक छोटं पाणीपुरवठा केंद्र आहे. खाली हौद, वर टाकी, मध्ये मोटार, शिवाय पिंप आणि घागरी. रोज पाणी येणाऱ्या गावात दोन नळांवर भागतं. आपल्याकडे कॉक, जोड, फ्लोट, पाइप सगळंच दुप्पट, म्हणून बिघडायच्या जागाही दुप्पट.

पाणी बंद असतं तेव्हा रस्त्याखालची लाइन रिकामी पडते. जिथे जोड ढिला असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. पुन्हा पाणी सुटलं की पहिल्यांदा हवा येते, मग गढूळ पाणी, मग चांगलं. पहिलं पाणी थेट हौदात सोडू नका. बादल्यांत धरा, झाडांना घाला, अंगण धुवा. इतकं केलं तरी हौदाच्या तळाचा गाळ बराच कमी होईल आणि नळांचे वायसर जास्त टिकतील. नळाच्या तोंडाशी जाळी असेल तर ती अधूनमधून आट्यावरून सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा. धार बारीक झाली की लोक मोटारीला दोष देतात, आणि दोष बऱ्याचदा जाळीत अडकलेल्या वाळूचा असतो.

परवा शेजारची अक्का दारात आली. “अण्णा, नळ नुसता ठिबकतोय की ओ. कितीबी पिळलं तरी थांबंना.”

“पिळूनच गेलाय तो, अक्का,” मी म्हणालो. “पाना आण आणि इथं बस. आज तूच कर.”

टाकीकडून येणारा कॉक आधी बंद केला. मग नळ उघडा सोडून पाइपातलं पाणी काढून टाकलं. नळाच्या डोक्याला चिंधी गुंडाळून पाना लावला, नाहीतर चकाकी सोलून निघते. डोकं फिरवून बाहेर काढलं तेव्हा स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर दिसला. दगडासारखा कडक झालेला, मध्ये गोल चर पडलेला. तो चर जास्त पिळल्याने पडतो. ठिबकतो म्हणून पिळायचं, पिळलं की रबर कापलं जातं, कापलं की आणखी ठिबकतं. अक्काला म्हटलं, आता आत बोट घालून बघ. वायसर ज्या पितळी कडेवर बसतो तिथं क्षाराचा खडा लागला होता. असल्या कडेवर नवा वायसर बसवला तर तोही लवकर फाटतो. टूथब्रश आणि लिंबूसत्त्वाने कड घासली, नवा वायसर घातला, आट्यांना थोडं ग्रीस लावलं. नंतर ज्या जोराने दुधाच्या बरणीचं झाकण लावतो तेवढ्याच जोराने नळ बंद करायचा, एवढं अक्काला बजावलं.

हे जुन्या, फेरे देऊन बंद करायच्या नळाचं झालं. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात रबर नसतं. एकमेकींवर सरकणाऱ्या चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. वाळूचा कण आत शिरून चकतीवर ओरखडा पडला की आतला तुकडा अख्खा बदलावा लागतो. जुना तुकडा खिशात घालूनच दुकानात जा. वरून सगळे सारखे दिसतात, पण दात्यांचा हिशोब निराळा असतो, आणि दुकानदार अंदाजाने देतो तो हमखास बसत नाही. टेप गुंडाळायची दिशाही लक्षात ठेवा. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळली तर जोड आवळताना टेप घट्ट होते, उलटी गुंडाळली तर सुटून गोळा होते. आमच्या आधीचे प्लंबर टेपऐवजी सूत आणि सफेदा वापरायचे. सोलापुरात सुताला काय तोटा!

ठिबकण्याचा हिशोबही एकदा करून बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६ हजार ४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तरी चार लिटरांच्या वर पाणी जातं. चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्या घरात ते सहज एक मोठी घागर होतं.

टाकीचं थोडक्यात सांगतो. झाकण घट्ट हवं, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी किंवा सुती कापड बांधलेलं हवं. डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास उन्हाळी हवेत आठवडा-दहा दिवसांत होतो, आणि पाणी साठवल्याशिवाय आपलं भागत नाही. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, रांजण रिकामे करून आतून घासायचे. आरोग्य खातं ज्याला कोरडा दिवस म्हणतं तो हाच.

आता स्लॅब. माझा जीव याच्यात जास्त अडकतो.

जिल्ह्यातल्या गावांत अजून माळवदाची घरं दिसतात. तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, वर पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृग लागायच्या आत म्हातारी माणसं वर चढून उगवलेलं गवत उपटायची, खचलेल्या जागी नवी माती चोपायची, पन्हाळी साफ करायची. माळवद मातीचं आहे म्हणून ते दरवर्षी बघावं लागतं, हे सगळ्यांना कळत होतं. सिमेंट आलं आणि लोकांना वाटलं, सुटलो. मग गच्चीवर कुणी चढेनाच. चढलं तरी पापड वाळवायला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर सहज जातो. गच्ची त्याहून कितीतरी जास्त तापते आणि रात्री निवते. काँक्रीट तापलं की लांबतं. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांनी तापला तर साधारण तीन मिलिमीटर वाढतो, आणि रात्री तितकाच आखडतो. ही ओढाताण रोजची. तिचा राग निघतो तो स्लॅब आणि कठडा यांच्या सांध्यावर. तिथे मारलेला सिमेंटचा गोलसर वाटा सुटतो, नखाएवढी फट पडते, आणि पाणी तिथूनच शिरतं. गळती मात्र खाली खोलीच्या भलत्याच कोपऱ्यात दिसते, कारण पाणी आतल्या आत उताराला वाहत जातं. म्हणून डाग दिसला तिथेच वर सिमेंट थापणाऱ्याचे पैसे वाया जातात.

पुस्तकी पद्धत अशी की गच्चीची नळी चिंधीने बंद करायची, दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि दिवसभर खाली ओल येते का ते बघायचं. सोलापुरात गच्ची भरायला पाणी आणायचं कुठून? आपल्याला निसर्गाने दुसरी सोय दिली आहे. आपला मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, जून-जुलैच्या सरी बेताच्या असतात. त्या सरींनाच तपासणी समजा. पहिल्या पावसानंतर खालच्या छतावर दिसलेल्या ओलीभोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या सरीला डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे. मध्ये उघडीप मिळते तेव्हा फट तारेच्या ब्रशने साफ करून भरून घ्या, वाटा नव्याने मारा. सप्टेंबरात गवंडी मिळत नाही. मिळाला तरी ओल्याचिंब गच्चीवर माल नीट धरत नाही.

पाडव्याच्या सुमारास गच्ची झाडून चुना लावला तर दुहेरी फायदा. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं, घर थंड राहतं, आणि स्लॅब कमी तापल्याने सांधेही कमी ताणले जातात. अहमदाबादेने २०१३ साली उष्णतेच्या लाटेसाठी शहराचा कृती आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं गेलं. आपल्या आज्या हे आराखड्याशिवाय करत होत्या. चुना आदल्या रात्री भिजवावा, त्यात थोडा फेविकॉल घालावा, म्हणजे हाताला लागत नाही. ऊन उतरल्यावर दोन हात द्यावेत. डोळ्यांना चष्मा लावा. भिजवलेला चुना डोळ्यात उडाला तर थट्टा नाही.

स्लॅबच्या खालच्या बाजूचं प्लास्टर फुगून गंजलेली सळई दिसू लागली असेल तर मात्र स्वतः काही करू नका. लोखंड गंजलं की फुगतं, आपल्या मूळ आकाराच्या कैक पट, आणि काँक्रीट ढकलून पाडतं. वरून सिमेंट फासलं की गंज आत सुखाने वाढत राहतो. तिथे माहीतगार इंजिनियरच हवा.

काळ्या मातीवर उभ्या घरांचं दुखणं वेगळं. ही माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, मग जोत्यापासून भिंतीत तिरकी चीर जाते. मोरीचं पाणी भिंतीच्या कडेने मुरू देऊ नका आणि घराभोवती दोन-तीन फुटांची फरशी उतार देऊन घाला. यापेक्षा स्वस्त औषध मला माहीत नाही. विड्या वळणाऱ्या घरांत आणखी एक करायचं. भिजवलेल्या पानांची ओली गोणपाटं भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळी घाला. त्या कोपऱ्यातले पोपडे रंगाच्या डब्याने जात नाहीत.

विजेची भीती बाळगावी, पण अज्ञान बाळगू नये. काही घरांच्या बोर्डात मोठा खटका असतो, त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. घरातली वीज ३० मिलिअँपिअर एवढी जरी भलतीकडे, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत, जाऊ लागली तरी तो खटका पडतो. महिन्यातून एकदा ते बटण दाबा. खटका पडला नाही तर वायरमन बोलवा. पाणी येण्याच्या वेळी ओल्या पायांनी टिल्लू मोटार लावणाऱ्यांच्या घरात हा खटका असायलाच हवा. नळाला थेट मोटार लावणं नियमात बसत नाही, ती गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग कमकुवत होतं, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. भाजी धुतलेलंही चालेल.

दार पावसात फुगून अडकलं तर लगेच रंधा मारू नका. दिवाळीनंतर तेच दार आखडतं आणि फटीतून वारा येतो. बिजागरीचा स्क्रू ढिला झाला तर भोकात फेविकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठोका, वाळल्यावर स्क्रू पिळा.

माझी मुलगी कुंभारीजवळच्या रे नगरात राहते. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या १५ हजार घरांचा ताबा दिला गेला. जवळच गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ पासून नांदते आहे. जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांना स्वतःचं घर मिळालं. मुलगी म्हणाली, “नव्या घराला काय दुरुस्ती, नाना?” मी म्हटलं, नवं आहे तोवरच मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखव. भिंतीतून पाइप आणि वायर कुठून गेल्या त्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेव, नाहीतर उद्या गणपतीच्या फोटोसाठी ठोकलेला खिळा नेमका पाइपात जायचा. मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटव. टाकी कधी धुतली, वायसर कधी बदलला, बटण कधी दाबलं, तारखा लिहीत जा. कारखान्यात आम्ही असा कागद प्रत्येक मागाला लावायचो.

गॅसची नळी, मीटरच्या आधीची वायर आणि तुळईतली चीर या तिन्हींना हात लावायचा नाही, माणूस बोलवायचा. तो काम करत असताना शेजारी उभं राहायचं, काय बिघडलं होतं ते विचारायचं, आणि जाताना काढलेला जुना पार्ट मागून घ्यायचा.