तेलवाहिनीचे दोष आणि शिकविलेली यंत्रे

धान्याच्या व्यापाऱ्याने तेलाच्या नळांविषयी लिहावे हे वाचकबंधूंस विचित्र वाटेल. परंतु दाभोळहून बंगळूरकडे जाणारी वायुवाहिनी बेळगावच्या परिसरातूनच जाते. शिवाय प्रश्न प्रतवारीचा आहे, आणि तो तर आपल्या नित्याचाच.

जमिनीत पुरलेल्या पोलादी नळाचे दोष शोधण्यासाठी आत एक उपकरण सोडतात. तेल वा वायूच्या दाबानेच ते पुढे सरकते. एका प्रकारात प्रबळ चुंबक असतात. गंजाने नळाची भिंत पातळ झाली असेल तेथे चुंबकीय रेषा बाहेर सांडतात व त्याची नोंद होते. भेगांसाठी ध्वनिलहरी योजतात. मग हा गंज, ही भेग, हा पोचा, असे वर्ग पाडावयाचे. नळ कोठे खणून पाहावयाचा हे त्यावर ठरते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळ २५ जुलै २०१० रोजी ३० इंची नळ फुटला. सुमारे सतरा तास कोणास उमगले नाही. आठ लाखांहून अधिक गॅलन तेल ओढ्यावाटे कालामाझू नदीत गेले. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजास त्या नदीतील जीवांचे काय झाले असेल हे सांगावयास नको. हे दोष २००५ च्या तपासणीत दिसले होते. पण 'भेगांचा समूह' म्हणावयाचे तेथे 'भेगेसारखा दोष' असा वर्ग दिला गेला आणि कुदळ पडली नाही.

आता हे काम संगणकास शिकवीत आहेत. जुनी नोंद आणि खणल्यावर निघालेले सत्य अशा असंख्य जोड्या पाहून तो आपले नियम स्वतः बसवितो. अडचण एवढीच की गंज उदंड, भेगा थोड्या. शंभर दोषांत तीनच भेगा आहेत असे धरा. सर्वांस सरसकट 'गंज' म्हणणाऱ्या यंत्रासही सत्त्याण्णव गुण मिळतील! शंभर पोत्यांतील तीन किडकी पोती न ओळखणारा पारखी आपण पेढीवर ठेवू काय? म्हणून जाणते अभियंते एकूण गुण न पाहता भेगा किती सापडल्या ते पाहतात, विरळ दोषांस शिकवणीत अधिक वजन देतात, आणि चाचणीच्या नळात मुद्दाम भेगा पाडून नमुने वाढवितात. यंत्राचा कौल संदिग्ध असेल तेथे जाणकार माणसाने नोंद पुन्हा वाचावी आणि तरीही शंका उरल्यास खणावे, हेच आम्हांस रास्त वाटते. खणण्याचा खर्च मोठा खरा, पण कालामाझूची सफाई पुढे कित्येक वर्षे चालली होती.