पिकअप हवा की टॉप स्पीड? बाइकच्या स्प्रॉकेटचं साधं गणित

‘‘फक्त पुढचं स्प्रॉकेट बदल, बाइक नुसती पळेल!’’ हा सल्ला तुम्हीही कधी ना कधी ऐकला असेल. माझ्या मामेभावानेही ऐकला. १५० सीसीची बाइक आणि टॉप स्पीड वाढवायची हौस. त्याने पुढे एक दाता जास्त असलेलं स्प्रॉकेट बसवून घेतलं. आठवड्याभरात तक्रार सुरू. मागे मामी बसली की बाइक चढावर दम टाकायची आणि टॉप स्पीड होता तेवढाच! त्याला वाटलं, मेकॅनिकने फसवलं. खरंतर चुकला होता तो हिशेब. खिशात हात घालण्याआधी तुम्ही तो समजून घ्या.

दात्यांचा हिशेब

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून पुढच्या छोट्या स्प्रॉकेटवर येते आणि चेनमधून मागच्या चाकाच्या मोठ्या स्प्रॉकेटवर जाते. समजा, पुढे १५ दाते आहेत आणि मागे ४५. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट ३ वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. प्रमाण झालं ३.

आता पुढे १४ दाते लावा. प्रमाण होतं ३.२१. मागच्या चाकाला मिळणारा जोर साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. सिग्नल सुटला की बाइक झटकन उचलते, घाटात सारखा गिअर पाडावा लागत नाही. पण ज्या आरपीएमवर आधी ताशी ६० किलोमीटरचा वेग मिळायचा, तिथे आता ५६च मिळतो. हायवेवर इंजिन जास्त फिरतं, आवाज आणि थरथर वाढते, पेट्रोलही जास्त लागू शकतं.

पुढे १६ दाते लावले तर उलटं. प्रमाण २.८१ होतं, हायवेवर इंजिन शांत चालतं, पण पिकअप मंदावतो.

लक्षात ठेवा, अशा बाइकवर पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे जवळपास मागचे तीन दाते वाढवणं. म्हणूनच थोडासाच फरक हवा असेल तर मागचं स्प्रॉकेट बदलतात.

मग टॉप स्पीड का वाढला नाही?

कारण स्प्रॉकेट ताकद वाढवत नाही, फक्त वाटून देतं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला आठपट ताकद लागते. छोट्या इंजिनची ताकद एका वेगाला संपते. त्यावर उंच गिअरिंग लादलं तर इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमपर्यंत पोहोचतच नाही. कधीकधी तर बाइक पाचव्यापेक्षा चौथ्या गिअरमध्ये जास्त पळते! ज्या बाइकचं इंजिन टॉप गिअरमध्ये सहज शेवटच्या आरपीएमला भिडतं, तिथेच मोठ्या पुढच्या स्प्रॉकेटने टॉप स्पीड वाढतो.

रेसिंगवालेही ट्रॅक बघूनच स्प्रॉकेट निवडतात. नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सुमारे १ किलोमीटरचा सरळ पट्टा आहे. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे अख्खाच साधारण २ किलोमीटरचा. दोन्हीकडे एकच गिअरिंग कसं चालेल?

बदलण्याआधी हे तपासा

* पिकअप गेलाय असं वाटतंय? आधी एअर फिल्टर, क्लच, टायरमधली हवा आणि चेनचा ताण बघा. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं.

* स्पीडोमीटरचा सेन्सर कुठे आहे ते विचारा. तो गिअरबॉक्सकडे असेल, तर १५ऐवजी १६ दाते लावल्यावर काटा ६० दाखवेल, पण तुम्ही ६४ने जात असाल. पुढच्या चाकावर असेल तर फरक पडत नाही.

* मागे मोठं स्प्रॉकेट लावलं तर चेन आखूड पडू शकते. पुढे फार छोटं लावलं तर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते.

* जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नका. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट एकदम बदला.

* बाइक वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

मामेभावाने शेवटी जुन्याच मापाचं स्प्रॉकेट परत बसवलं. कारण त्याची बाइक रेस ट्रॅकवर जातच नाही. ती जाते कॉलेजला, बाजारात आणि मामीला घेऊन टेकडीवरच्या देवळात. तुमची बाइक रोज कुठे जाते आणि मागे कोण बसतं? आधी याचं उत्तर द्या. मग दाते मोजा.